मधे उभा राहणारा माणूस

(तो विंगेतून आत येतो. नाटकात त्याची भूमिका नाही.)

तेहरानच्या लालेझार रस्त्यावर तेव्हा झुंबरांची आणि वायरींची दुकानं झाली नव्हती, थिएटरं होती. त्यातल्याच एकात फरामर्झ खलजने बसवलेलं पहिलं नाटक लागलं. नाटक परदेशी, दिवाणखान्यातलं. सोफा, पियानो, एक आजारी बाई आणि तिचे दोन नवरे: एक सोडलेला, एक होऊ घातलेला. दुसऱ्या अंकात सोडलेल्या नवऱ्याने टोपी घालून रागारागाने निघून जायचं होतं. टोपी विंगेतच राहिली होती. नट निघेचना. तेच वाक्य त्याने तीन वेगवेगळ्या सुरांत म्हटलं आणि घाम पुसला.

फरामर्झने टोपी उचलली आणि सरळ रंगमंचावर गेला. अंगात रोजचा तपकिरी कोट. टोपी नटाच्या हातात दिली, त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली, बाईची खुर्ची वीतभर पुढे ओढली, पियानोवाल्याला बोटाने ‘आता’ अशी खूण केली आणि आला तसा चालत परत गेला. ना धावला, ना वाकला, ना ओशाळला.

थिएटरभर टाळ्या.

मध्यंतरात नट त्याच्या अंगावर धावून आला. “गाढवा, नाटक चालू होतं!”

“म्हणून तर आलो. बंद असतं तर कशाला आलो असतो?”

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, की युरोपातल्या भल्याभल्यांना जे धाडस झालं नाही ते एका पंचविशीतल्या पोराने तेहरानमध्ये करून दाखवलं. रंगभूमीचा भ्रम त्याने भर दिवाणखान्यात फोडला. फरामर्झने ते पुन्हा पुन्हा वाचलं. भ्रम कुठला, फोडला कधी, त्याला काही उमगेना. दिग्दर्शकाने हेच करायचं असतं असं तो समजत होता. त्याच्या वडिलांनी जन्मभर हेच केलं होतं.


(मैदान. चारी बाजूंना गाव बसलंय.)

दरेबीद गावात फरामर्झचे वडील, मश्दी सफर, मुईन होते. मोहरमचं, इमामाच्या हौतात्म्याचं नाटक बसवायचं आणि बसवून झालं की त्यातच उभं राहायचं, हे मुईनचं काम. मैदानाच्या मधोमध मातीचा चौथरा. त्यावर इमामाची माणसं, त्यांचं पाणी तोडणारं सैन्य, आणि या सगळ्यांत आपल्या रोजच्या कपड्यांत, हातात काठी घेतलेले मश्दी सफर. सरदार वाक्य विसरला तर त्याच्या कानात सांगायचं. विधवेच्या तळहातावर भुसा द्यायचा, तिने तो वाळवंटातली धूळ म्हणून डोक्यावर टाकायचा. काठी वर गेली की ढोल, खाली आली की शांतता. मेलेल्याचा पाय उन्हात आला तर तो सावलीत सरकवायचा. मुईन कुणाला खटकत नसे. गाव ढसाढसा रडत असे आणि रडता रडता ओरडत असे, “मश्दी, जरा बाजूला हो, घोडा दिसत नाही!”

“घोडा पुढल्या वर्षी पण हाच आहे,” मश्दी सफर म्हणत, आणि हलत नसत.


(तो आत येतो. तो आत येतो. तो आत येतो.)

नाटकं झाली. राजाच्या काळातली, राजा गेल्यानंतरची. सिनेमे झाले. एका सिनेमात काडीमोड घेतलेलं जोडपं टॅक्सीत भांडत होतं. फरामर्झने बाहेरून दार उघडलं, बाईच्या ओढणीचं टोक दारात अडकलं होतं ते सोडवलं, दार लावलं. भांडण चालूच. एका सिनेमात शिपाई खंदकात मरत होता. फरामर्झ खाली उतरला, त्याच्या मानेखाली पोतं सरकवलं आणि वर चढून गेला. कधी चेहरा दिसला नाही. दिसली ती पाठ.

आधी लोकांना ते फार आवडलं. मग सवयीचं झालं. मग चेष्टेचं. “खलज येऊन गेला का?” “नाही अजून.” “मग बस, सिनेमा सुरू व्हायचाय.”

“तुला स्वतःला बघायची हौस आहे,” निर्माता बेहजाद सोहराबी त्याला दर सिनेमाला म्हणायचा.

“पाठ बघायची हौस कुणाला असते, बेहजाद?”

“तुला.”

मग ते नाटक. कोर्टातलं. चांगलं चाललं होतं. एका खेळाला फरामर्झ नेहमीसारखा आत गेला, आरोपीला पाणी दिलं, आणि जाता जाता न्यायाधीशाची खुर्ची, न्यायाधीश बसलेला असताना, वीतभर मागे ओढली. प्रेक्षक इतके हसले की पहिल्या रांगेतले साहेब लोक उठून गेले. त्याने पुढे शंभरदा सांगितलं, की खुर्चीचा पाय फळीच्या फटीत जात होता. खरंच जात होता. पण त्यानंतर त्याला ना नाटकाचा परवाना मिळाला ना सिनेमाचा. दाढी पिकेपर्यंत नाही.

आणि मग एक दिवस मिळाला. मोहरमच्या नाटकावर सिनेमा करतो म्हणाला म्हणून. विषय पवित्र, नाही कोण म्हणणार?

त्याने दरेबीद गाठलं. मश्दी सफर केव्हाच गेले होते, पण चौथरा होता. बाजू बदलणारा सरदार, जो इमामावर चालून येतो आणि ऐन वेळी त्याच्याच बाजूने मरायला उभा राहतो, तो गावातल्या करमअली भटारखानावाल्याने केला. पाव भाजून भाजून त्याचे हात लाल झालेले. कॅमेऱ्याला ते फार शोभले. मुईन कोण होणार हे कुणी विचारलंच नाही. फरामर्झ कॅमेऱ्यामागून उठायचा, चालत चौथऱ्यावर जायचा, काम करायचा, परत यायचा. पहिल्या चौकटीपासून शेवटच्यापर्यंत.

दोन-चार वर्षं हातात उरली असतील, असा त्याचा हिशेब होता. हा सिनेमा तसा लोकांपुढे गेला पाहिजे. बाकी काही नको होतं त्याला.


(चहा. नको. चहा. नको. चहा.)

तयार सिनेमा दाखवायचा वेगळा परवाना देणाऱ्या परिषदेचे डॉक्टर नाइमी कशाचे डॉक्टर होते हे कुणी विचारत नसे. तेहरानमध्ये खुर्ची लहान असेपर्यंत माणूस इंजिनियर असतो, मोठी झाली की डॉक्टर.

“फरामर्झ आगा! पायधूळ झाडलीत. आमचे डोळे निवले.”

“मी तुमच्या दारातली माती, डॉक्टर.”

“चहा?”

“नको, त्रास नको.”

“घ्या हो.”

“खरंच नको.”

“माझं मेलेलं तोंड बघाल, नाही घेतलात तर.”

घेतला. साखरेचा खडा दातांत धरून फरामर्झ वाट बघत राहिला.

“रडलो,” डॉक्टर म्हणाले. “खोटं नाही सांगत. आई गेली तेव्हा इतका रडलो नव्हतो.”

“मग परवाना द्या.”

“डोक्यावर ठेवून देतो. फक्त तो माणूस काढा.”

“कुठला?”

“तो हो. तपकिरी कोटातला. सारखा मधे मधे करतो.”

“तो मी आहे.”

“ते कळलं. म्हणून तर प्रेमाने सांगतोय. अहो, सरदार कफन घालतोय, मी रुमाल काढलाय, आणि हा बाबा चालत येतो आणि कफनाची नाडी बांधतो!”

“नाडी पाठीला असते, डॉक्टर. स्वतःची स्वतःला बांधता येत नाही. कुणीतरी बांधायला लागते.”

“हे परदेशी तंत्र आहे. मी वाचलंय त्याबद्दल.”

“माझ्या बापाने आयुष्यात तेहरानसुद्धा धड पाहिलं नाही.”

“मग खेड्यातलं अडाणीपण म्हणा.”

“परदेशी आणि खेडवळ, दोन्ही? एक काहीतरी ठरवा.”

डॉक्टर हसले. हसताना त्यांचे खांदे हलत, तोंड हलत नसे. “बरं, असं करा. त्याला हिरवा फेटा बांधा. पांढरा झगा घाला. देवदूत म्हणून खपून जाईल. देवदूताला मी काय म्हणणार?”

“माझा बाप देवदूत नव्हता. बकऱ्या राखायचा. गावाला तो तिथे दिसायचा, म्हणून गावाला ठाऊक असायचं की रक्त रंगाचं आहे आणि तलवार लाकडाची. म्हणून तर खरं रडायची भीती वाटायची नाही. त्याला काढा आणि बघा, लोक रडणार नाहीत. घाबरतील.”

“घाबरले तरी हरकत नाही,” डॉक्टर मऊपणे म्हणाले.

फरामर्झने अर्धा चहा तसाच ठेवला. “मी मधून हटणार नाही.”

“मग सिनेमा कपाटात.”

“कपाटात तर कपाटात. कपाटात मी मधे उभा राहीन.”


(        )

करमअली दोन्ही हात पसरून उभा आहे. कफन हवेतून येतं. खांद्यांवर बसतं. पाठीची नाडी आपली आपण आवळली जाते. करमअली डावीकडे बघून मान हलवतो. डावीकडे ऊन आहे. विधवेच्या तळहातावर भुसा आहे, मघाशी नव्हता. ढोल थांबतो, का ते ढोलवाल्याला ठाऊक. मेलेला पाय सावलीत सरकतो. करमअली पुन्हा डावीकडे बघतो आणि हळूच हसतो. ऊन हसत नाही.


(तो परत येतो. पोटाला टाके.)

फरामर्झ पित्ताशय काढून घ्यायला इस्पितळात होता तेवढ्यात हे झालं. सोहराबी मिठाईचा डबा घेऊन भेटायला आला आणि खाटेच्या पायथ्याशीच उभा राहिला, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. “परवाना मिळाला,” म्हणाला. परिषदेतल्या कुणी शंका काढली म्हणे, की कफन हवेतून येण्याचा चमत्कार कुठल्या ग्रंथात आहे? डॉक्टर नाइमी म्हणाले, सिनेमात सगळं हवेतूनच येतं. झालं.

“कुणी पुसून टाकलं मला?”

सोहराबीने डबा उघडला. “खा, पिस्त्याची आहे.”

“बेहजाद, कुणी?”

फरामर्झच्या सगळ्या सिनेमांचं संकलन मोनीरने केलं होतं. बहारेस्तानजवळच्या तळघरात तिची खोली होती: दोन पडदे, चहाचा एक समोवार, भिंतीला टेकलेली आरामखुर्ची. फरामर्झ एका हाताने पोट धरून जिना उतरला. मोनीरने मागे वळूनही पाहिलं नाही.

“शिव्या उभ्यानेच दे,” ती म्हणाली. “बसलास तर टाके उसवतील.”

“तू?”

“मीच.”

“इतक्या वर्षांची तू.”

“इतक्या वर्षांची होते म्हणून मी. दुसऱ्या कुणाला दिला असता तर त्याने तुला कापलं असतं. मी पुसलंय. फरक कळतो का?”

“नाही. मेलेल्याला काय फरक.”

“मग बघ, मेल्या.”

तिने दाखवलं. त्याने पाहिलं. करमअली, कफन, ऊन. तो इतका संतापला की त्याला काही दिसेना. मग दिसायला लागलं. तो जिथे जिथे उभा होता तिथे तिथे जागा तशीच होती. मागून जाणारा घोडा त्या जागेला वळसा घालून जात होता. विधवा त्या जागेकडे तोंड करून रडत होती. भरल्या चौथऱ्यावर माणसाएवढी रिकामी जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती.

“सोहराबी म्हणत होता, चौकट आवळून घ्या, जागा दिसता कामा नये,” मोनीर म्हणाली. “मी म्हटलं, आवळली तर चित्र फाटतं.”

“फाटतं?”

“कसलं फाटतंय! त्याला काय कळतं?”

“रिकामी जागा घेऊन मी काय करू? चाटू?”

“ते मला काय विचारतोस? दिग्दर्शक तू.” तिने चहा ओतला, त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी. “आणि एक ऐक. ती माणसं पडद्याआड बसून सगळं चालवतात. उघड्यावर उभं राहून चालवणारा त्यांच्या डोळ्यांत खुपणारच. यात तुझा थोरपणा काही नाही. उगाच फुगू नकोस.”

तो जिना चढून गेला. त्यानंतर त्याने तिचं नाव टाकलं.


(तो पहिल्या रांगेतून उठतो.)

सिनेमा तेहरानच्या एका लहान थिएटरात लागला. पहिल्या खेळाला करमअली नव्या सुटात आला होता, सोहराबीने नातेवाईक भरले होते. दिवे गेले. चौथरा आला. करमअलीने हात पसरले.

फरामर्झ उठला आणि पडद्यापुढच्या अरुंद फळीवर चढला. प्रकाश त्याच्या पाठीवर पडला, सावली पडद्यावर.

“ए बाबा, खाली बस!”

“डोकं काढ मधून!”

“कुणीतरी दारवानाला बोलवा रे!”

काय करायचं ते त्याच्या हातांना ठाऊक होतं. तो रिकाम्या जागेत जाऊन उभा राहिला. प्रकाशातून येणाऱ्या कफनाखाली त्याने हात धरले आणि ते करमअलीच्या खांद्यांवर ठेवलं. कापडी पडद्यावर, करमअलीच्या पाठीवर, नाडीची गाठ मारली. पडद्यातल्या करमअलीने डावीकडे बघून मान हलवली. फरामर्झने मान हलवून उत्तर दिलं. विधवेकडे गेला. तिकडून ढोलवाल्यांकडे. हात वर. ढोल.

ओरडा चालूच होता. मग मागच्या रांगेतून एका म्हातारीचा आवाज आला, खणखणीत, गावाकडचा: “अरे गप्प बसा मेल्यांनो, मुईन आहे तो!”

गप्प बसले. थोड्या वेळाने कुणीतरी नाक ओढलं. मग दुसऱ्याने.

खेळ संपल्यावर करमअली त्याच्या गळ्यात पडला. “आगा, मी सिनेमात बसलो होतो आणि माझी नाडी बांधलीत तुम्ही. इथे, पाठीला कळलं.”

दुसऱ्या दिवशी तिकिटासाठी रांग होती. सोहराबीने आधी डोकं बडवून घेतलं, मग रांग बघितली, मग फरामर्झला फोन केला: “उद्याही उभा राहणार ना, माझ्या राजा? पोट दुखत नाही ना?”


(दोन कचेऱ्या. मधे टेलिफोन. तो कुठेच नाही.)

— सिनेमा विभाग. बोला.

— नाटक विभाग. तुमच्या सिनेमात एक माणूस उभा राहतो.

— आमच्या सिनेमात नाही. आम्ही पुसलाय. पुढ्यात उभा राहतो. पुढ्यातलं तुमच्याकडे.

— आमच्याकडे कसं? संवाद आहेत का त्याला?

— नाहीत.

— पडदा उघडतो?

— पडद्यावर तर तो उभा आहे.

— मग ते नाटक नाही. सिनेमा आहे. तुम्ही थांबवा.

— परवाना दिलेल्या सिनेमात एक फूटही बदल नाही. काय थांबवू? तुम्ही थांबवा.

— परवाना न मागितलेलं नाटक आम्ही कसं थांबवणार? आधी मागू दे, मग नाकारतो.

— माणूस ओळखीचा आहे. बोलून बघा.

— बोललो. म्हणतो, दोन्ही खात्यांनी मला इतकी वर्षं बसवून ठेवलं, आता उभं राहू द्या.

— डॉक्टर नाइमींना कळवा.

— तुम्ही कळवा.


(तो बाहेर.)

कझवीन झालं, काशान झालं, यझ्द झालं. सिनेमा जाईल तिथे फरामर्झ गेला. एका गावात प्रकाश इतका मंद होता की त्याची सावलीच पडेना; लोकांनी मोबाइलचे दिवे त्याच्यावर धरले. एका ठिकाणी कुणी टोमॅटो मारला. तो करमअलीच्या गालावर फुटला. फरामर्झने बाहीने पडदा पुसला आणि काम पुढे चालू ठेवलं. काशानपासून मागच्या रांगेत मोनीर दिसायला लागली. तिकीट काढून यायची, खेळ संपला की निघून जायची. तो तिच्याकडे बघत नव्हता. बघत नव्हता म्हणून ती कुठे बसलीय ते त्याला नेहमी ठाऊक असायचं.

मग अराक. त्याचा स्वतःचा मुलूख. दरेबीदहून एक मिनीबस भरून माणसं आली होती. दुपारचा खेळ. दारात म्हातारा दारवान हात जोडून उभा राहिला.

“आगा, मला माफ करा. तुम्हाला आत सोडायचं नाही.”

“तिकीट आहे माझ्याकडे.”

“तिकीट असलं तरी नाही. प्रेक्षक म्हणूनसुद्धा नाही. फरामर्झ खलज नावाचा माणूस कुठल्याच थिएटरच्या दाराच्या आत दिसता कामा नये. वरून सांगितलंय.”

“कागद दाखव.”

“असले हुकूम कागदावर येतात होय?”

मिनीबसची माणसं आत गेली होती. शेवटची माणसंही गेली. मोनीर पायरीवर उभी होती, खांद्याला फुगलेली पर्स. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

“मी जाते.”

“कुठे?”

“फळीवर.”

“तुला नाही जमायचं.”

“ती जागा मी बनवलीय. तिचा इंच न् इंच मला पाठ आहे. तू कुठे चुकतोस तेही.”

“मी चुकत नाही. आणि बाई कधी मुईन झालीय?”

“तुझे वडील काय म्हणाले असते?”

“म्हणाले असते, घरी जा, पोरी.”

“मग बरंय ते नाहीत.” ती आत गेली. दुखऱ्या गुडघ्यामुळे पायऱ्या चढताना ती एका बाजूला कलत होती.

दारवानाने दार ओढून घेतलं, बोटभर फट ठेवली आणि एक डोळा फटीला लावला. फरामर्झ पायरीवर बसला.

“काय चाललंय?”

“बाई चढल्या. लोक ओरडतायत.”

“काय म्हणतायत?”

“ते सांगण्यासारखं नाही... ढोल वाजला. आता बाईंनी हात वर केला.”

“वाजल्यावर?”

“वाजून गेल्यावर.”

“मुडदा बसवला!” फरामर्झ उठला, बसला, पुन्हा उठला. “नाडी? नाडी बांधली का?”

“पुढून बांधली.”

“पाठीला! पाठीला बांधायची! हसले असतील लोक.”

“हसले. बाईपण हसल्या.” दारवानाने डोळा फटीला आणखी दाबला. “आगा, बाईंनी पडद्याकडे पाठ केली.”

“काय?”

“लोकांकडे तोंड करून उभ्या आहेत. पर्समधून काहीतरी काढतायत. भुसा आहे. मुठीमुठीने वाटतायत पहिल्या रांगेला. आता दुसऱ्या.”

फरामर्झ परत पायरीवर बसला. दरेबीदमध्ये सगळं गाव भुसा घेत असे, चौथऱ्यावरची विधवा तेवढी नव्हे. लहानपणी त्याच्याही केसांत दोन दोन दिवस भुसा असायचा. सिनेमात त्याने तो फक्त विधवेच्या हातावर ठेवला होता. इतक्या शहरांत, इतक्या खेळांत लोकांकडे पाठ करून तो पडद्याची सेवा करत राहिला आणि हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं.

“घेतायत लोक?”

“घेतायत. डोक्यावर टाकतायत.” दारवानाने डोळा काढला, पुसला, परत लावला. “हसायचे थांबले.”

“पण चुकतेय ती,” फरामर्झ म्हणाला. “सगळं चुकतेय.” आणि कितीतरी दिवसांनी तो हसला. “चुकू दे. हूं? चुकू दे तिला.”

तेव्हा पोलिसांची गाडी येऊन थांबली. दोघे उतरले, एक जाडा, एक तरणा. जाड्याने टोपी नीट केली.

“आत एक बाई दंगा करतेय असं कळलंय.”

दारवान भिंतीला चिकटला. फरामर्झ पायरीवरून उठला, सावकाश दाराकडे गेला, ते पाठीने घट्ट लावलं आणि दारापुढे उभा राहिला.

“बाजूला व्हा, आगा.”

“होता येत नाही.”

“आत चला मग, आत बोलू.”

“आत कसं येऊ? मला आत सोडायचं नाही. वरचा हुकूम आहे. विचारा यांना.”

दारवानाने मान डोलावली. हुकूम खराच होता.

“मग बाहेर व्हा!”

“बाहेरच आहे. हे बघा पाय, हा उंबरा. उंबऱ्याच्या बाहेर. तुमच्या साहेबांनी सांगितलं तसंच, तंतोतंत.”

तरण्या पोलिसाला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घातलं. जाडा पुढे सरकला. त्याचं पोट फरामर्झच्या पोटाला लागेपर्यंत सरकला.

“आजोबा, आम्हाला आत जायचंय. कळतंय का?”

“कळतंय.”

“आणि तुम्ही मधे आहात.”

“हो,” फरामर्झ म्हणाला. “तेच माझं काम आहे.”

त्याने दोन्ही हात पसरून दाराच्या दोन्ही बाजूंना टेकवले. आत ढोल वाजायला लागला. मोनीरने हात आधी वर केला होता की नंतर, ते इकडून कळायला मार्ग नव्हता. जाड्या पोलिसाने त्याच्या मनगटाला धरलं आणि ओढलं. मनगट सुटेना.